पाठीवरचा हात

चौगुले बाईंनी तेजलच्या पाठीवरचा हात काढला आणि तेजल बोलायची थांबली.

आधी त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरगी बुजली असेल. त्यांनी हात पुन्हा ठेवला. तेजलच्या गळ्यातल्या बोलक्या पट्ट्यातून, कंठीतून, लगेच गोड आवाज आला, "बाई, आज गोष्ट सांगा ना." हात काढला, की कंठी मुकी. हात ठेवला, की "बाई, तुमचं डोकं दुखतंय का?" डोकं खरंच दुखत होतं. बाईंनी असं सात-आठ वेळा करून पाहिलं. दर वेळी तेच.

शनिवारची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. बोरमळ्याच्या त्या चार वर्गांच्या शाळेत आता तिघंच उरले होते: बाई, नऊ वर्षांची तेजल बंडगर आणि ऑफिसात पोषण आहाराची माहिती भरत बसलेले हेडमास्तर शिकलगार सर. हात काढून बघायची वेळ आली ती एका परिपत्रकामुळे. तेजल चौथीत होती आणि बोरमळ्यात पाचवी नाही. तालुक्याच्या हायस्कुलात चारचौघांबरोबर बसायचं, तर कंठी वापरणाऱ्या मुलांची आधी पडताळणी होणार होती. अट एकच. पडताळणी चालू असताना मुलाला कोणी हात लावायचा नाही. जे मूल 'संवाद साधू शकत नाही' असं ठरेल, त्याची रवानगी जिल्ह्याच्या निवासी शाळेत. तारीख पुढच्या सोमवारची, म्हणजे नऊ दिवसांनंतरची.

नीलांबरी चौगुले या फिरत्या विशेष शिक्षिका. सात गावं, सात शाळा, एक स्कूटर आणि दर अकरा महिन्यांनी नव्यानं सही करायचा करार. ज्या मुलांना शिकायला वेगळी वाट लागते, त्यांना गावाबाहेर न धाडता गावातल्याच वर्गात बसवायचं आणि ती वाट तिथंच करून द्यायची, हे त्यांचं काम. कागदावर फार गोजिरं दिसतं ते. प्रत्यक्षात वर्गात तीस पोरं, त्यांना एक शिक्षक, आणि बाईंच्या वाट्याला गुरुवार-शनिवारचे दोन-दोन तास. तरी बाई ते काम जीव ओतून करत. त्यांच्यावर जो काही दोष येईल तो कामचुकारपणाचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तेजल सहाव्या वर्षी पहिलीत आली. निदानाच्या कागदावर 'स्वमग्नता' लिहिलं होतं आणि तिच्या तोंडून तोवर एक शब्द फुटला नव्हता. पण बोलत नव्हती म्हणून सांगत नव्हती, असं नाही. तहान लागली की ती कानाची पाळी ओढायची. गोंगाट सोसेना झाला की फरशीवर आडवी होऊन गाल टेकवायची. कुणी आवडलं की त्याच्या शर्टाचं खालचं बटण चाचपायची. बाईंनी वर्षभर तिच्यासमोर मांडी घालून बसून अशा एकेचाळीस खुणा ओळखल्या होत्या आणि वर्गातल्या पोरांनाही शिकवल्या होत्या. एकेक खूण उलगडायला पंधरा-पंधरा दिवस जायचे. बाईंना त्याचा कंटाळा नव्हता, पण वरून येणाऱ्या अहवालात खुणांसाठी रकाना नव्हता.

मग कंठी आली.

कंठीमागचं विज्ञान तसं सरळ आहे. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा ओठ हलत नाहीत. पण मेंदूकडून गळ्याच्या, जबड्याच्या, मानेच्या स्नायूंकडे अगदी क्षीण विद्युतसंदेश निघतातच. कंठी म्हणजे मऊ रबराचा पट्टा. गळ्याभोवती एक वेढा आणि मानेवरून पाठीवर उतरणारी दोन बोटं रुंद पट्टी. तिच्यातले संवेदक हे संदेश टिपतात, आणि कुठल्या संदेशाचा अर्थ काय, हे यंत्र उदाहरणांवरून शिकत जातं. आजारपणात वाचा गेलेल्या मोठ्या माणसांवर ती चांगली चालली होती. कारण ती माणसं निदान लिहून सांगू शकत, की आत्ता माझ्या मनात पाणी होतं, आत्ता बायकोचं नाव होतं.

तेजलला तेही सांगता येत नव्हतं. मग अर्थ सांगायचा कुणी? माहितीपुस्तकात उत्तर होतं: मुलाला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीनं. शाळेत ती व्यक्ती म्हणजे बाई आणि घरी तेजलची आई, सारिका. तीन हजार उदाहरणं मार्चअखेरच्या आत भरायची होती आणि तेजल तर एका जागी ठरत नव्हती. पाठीवर तळवा दाबून धरला, की तेवढी शांत बसायची. बाई पहिलीपासून तेच करत आल्या होत्या. तेव्हा डावा हात तेजलच्या पाठीवर आणि उजव्या हातानं टॅबवर अर्थ निवडायचा: भूक, खेळ, आनंद, नको. सारिकालाही त्यांनी हीच रीत शिकवली. हात लावू नका, असं माहितीपुस्तकात कुठंही नव्हतं. मायेनं पाठीवर ठेवलेल्या हाताचं कुणाला काय वावडं असणार?

कंठी पहिला शब्द बोलली तो बंडगरांच्या घरी. सारिका बेदाण्याच्या शेडवर कामाला होती. यंत्रानं रंग आणि आकार पाहून निवडलेल्या बेदाण्यातही बारीक काडी राहतेच आणि ती बायकांच्या बोटांनाच सापडते. सारिकाची बोटं त्यात अख्ख्या शेडवर पहिली. एका संध्याकाळी कामावरून येऊन, हात धुऊन ती तेजलच्या मागं बसली, पाठीवर हात ठेवला आणि कंठी म्हणाली, "आई." दुसऱ्या दिवशी सारिकानं शेडवर पेढे वाटले. ही बातमी कळली तेव्हा चौगुले बाई स्कूटरवर होत्या. त्यांनी गाडी बांधाला लावली आणि मनसोक्त रडून घेतलं.

पुढची दोन वर्षं म्हणजे नुसती दिवाळी होती. वर्गात 'हाताची पाळी' लागली. रोज एका मुलानं तेजलशेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवायचा, म्हणजे ती शांत बसेल. पोरं पाळीसाठी भांडायची. सानिकाच्या दिवशी तेजलला गाणं म्हणावंसं वाटायचं, विघ्नेशच्या दिवशी तिला क्रिकेटचे सगळे स्कोअर पाठ असायचे, आणि अल्फियाच्या दिवशी ती गणिताच्या तासाला घरी जाऊ द्या म्हणायची. तेजल रंग बदलते म्हणून पोरं तिला लाडानं 'सरडी' म्हणत. बाईंनी अहवालात लिहिलं, 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व.' शाळेत ती शुद्ध पुस्तकी बोलायची आणि घरी आईशी 'व्हय-न्हाई' करायची, याचं तर बाईंना केवढं कौतुक. कुठं कसं बोलावं, हे पोरीला उपजत कळतं, असं त्या सातही शाळांत सांगत फिरल्या. प्रेम आंधळं असतं म्हणतात. कौतुक त्याच्याहून जास्त आंधळं असतं.

आणि एक गोष्ट घडली होती, जी त्या शनिवारी बाईंना एकदम आठवली. गेल्या वर्षी सारिकाच्या सासरच्यांनी दुसऱ्या मुलाचा लकडा लावला होता. एक तरी धडकं हवं, असं सासू तोंडावर म्हणायची. नवरा द्राक्षाच्या गाडीवर, आठवड्यातून एकदा घरी. तो म्हणाला, तुझं तू बघ. सारिकानं तेजललाच विचारलं. पाठीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून विचारलं. कंठी म्हणाली, "नको आई. मी एकटीच पुरं." सारिकानं महिन्याभरात ऑपरेशन करून घेतलं. नंतर तिनं अभिमानानं बाईंना सांगितलं होतं, "माझ्या लेकीनं सांगितलं म्हणून क्येलं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं."

बाई ऑफिसात गेल्या. शिकलगार सरांना त्यांनी सगळं सांगितलं.

"हात काढल्यावर घाबरत असंल ती," सर म्हणाले. "सवय लागलीया."

"असेलही. मग एक करून बघू. हातानं तिला नुसता धीर येत असेल, तर ती तिला दिसतं तेच बोलेल. तुम्ही पहिलीची चित्रकार्डं घ्या. एक कार्ड तिला दाखवा, एक मला. कधी दोघींना सारखं, कधी वेगळं. तिचं मला दिसता कामा नये आणि माझं तिला."

सरांनी वीस जोड्या लावल्या. बाई तेजलच्या मागं बसल्या, हात पाठीवर. सर दोघींच्या मधोमध बाजूला उभे राहून कार्डं दाखवू लागले. पहिलं कार्ड, कंठी म्हणाली, "पेरू." सरांनी मान हलवली आणि कागदावर खूण केली. "बैल." खूण. "छत्री." सरांचा पेन्सिल धरलेला हात थांबला. बाईंनी पुढचं कार्ड मागितलं. विसावं कार्ड झालं तेव्हा सरांनी कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

सहा जोड्यांत दोघींना एकच चित्र होतं, सहाही बरोबर. चौदा जोड्यांत चित्रं वेगळी होती. चौदाही वेळा कंठीनं बाईंना दिसलेलं चित्र सांगितलं होतं.

कंठी खोटं बोलत नव्हती, हेच यातलं दुखणं. ती टिपत होती ते संदेश तेजलच्याच स्नायूंचे होते. पण माणूस मनात एखादा शब्द धरून बसला, की त्याच्या बोटांचा दाब नकळत बदलतो; त्याला स्वतःला पत्ताही लागत नाही. त्या दाबाला तेजलची पाठ उत्तर द्यायची, स्नायू किंचित आवळायचे किंवा सुटायचे. तेजलचे स्वतःचे संदेश क्षीण, विस्कळीत. हाताचे प्रतिसाद ठळक आणि दरवेळी सारखे. यंत्रानं ठळक ते उचललं. प्रत्येक वर्गात एक पोर असं असतं, की जे गणित सोडवत नाही. बाईंच्या चेहऱ्याकडे बघत उत्तर बदलत जातं आणि बाई हसल्या की थांबतं. कंठी हे असलं पोर होतं. तिला तेजल शिकायची होती, ती बाईंचा हात शिकली. सारिकाचा शिकली. त्या दोन हातांवर सराव झाल्यावर सानिका-विघ्नेशचे हात ओळखायला तिला आठवडासुद्धा लागला नाही.

बाई उठून तेजलच्या समोर जाऊन बसल्या. किती महिन्यांनी त्या अशा समोर बसत होत्या, ते त्यांना आठवेना. दोन वर्षं सगळं गाव तिच्या पाठीमागं बसून तिच्याशी बोलत होतं. पोरीचा चेहरा लांबुळका झाला होता, पुढचे दात नवे आले होते. बाईंनी स्वतःच्या कानाची पाळी ओढली. पाणी? तेजल त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. बाईंनी पुन्हा ओढली. तेजलच्या डोळ्यांत ओळखीची लकेरही उमटली नाही. तिनं ती खूण कधी सोडली? कंठीला पाणी मागता येऊ लागल्यावर खुणेकडं बघायचं सगळ्यांनीच सोडलं होतं, आणि सगळ्यांत आधी बाईंनी. कुणी बघत नसेल तर लेकरानं कान तरी किती दिवस ओढावा? बाईंना रडू आवरेना आणि त्यांनी ते आवरलंही नाही.

सर खिडकीतून वळले. ते मायाळू माणूस. तेजलला त्यांनी चार वर्षं पोटच्या पोरीसारखं पाहिलं होतं.

"बाई, राग नका मानू," ते म्हणाले. "निवासी शाळेत ती जगायची न्हाई. तिथं एकेका ताईच्या वाट्याला बारा-बारा लेकरं. हिला घोळक्यात झोपायची सवय न्हाई, परक्याच्या हातनं खायाची न्हाई. परिपत्रकात हात लावू नका म्हटलंय. बाक लांब असतोय. तुमचा गुडघा तिच्या पाठीला टेकला, तर कुणाला दिसणार हाय?"

"सर."

"एकदा पाचवीत बसू द्या. पुढचं पुढं."

बाई उठून निघाल्या. रविवारभर त्यांनी तो गुडघा मनातल्या मनात शंभरदा टेकवला आणि शंभरदा काढला. टेकवला तर तेजल हायस्कुलात जाईल, सारिकाची लेक सारिकाशी बोलत राहील, गावाची दिवाळी चालू राहील. फक्त तेजल जन्मभर दुसऱ्यांच्या मनातलं बोलेल, आणि तिच्या मनात काय आहे हे कुणी पुन्हा विचारणारसुद्धा नाही, कारण उत्तर तर रोज मिळतंय. काढला, तर एका आईकडून तिच्या मुलीचा एकूण एक शब्द काढून घ्यायचा. तो ज्या हातांनी दिला, त्याच हातांनी.

सोमवारी चार वाजता त्या बंडगरांच्या घरी गेल्या. सारिका नुकतीच शेडवरून आली होती. तेजल फरशीवर बसून वाटीतले बेदाणे एका ओळीत मांडत होती.

"या बाई. च्या टाकू?"

"नको. बस सारिका. थोडं बोलायचंय."

बाईंनी काही गाळलं नाही. हात, कार्डं, चौदापैकी चौदा. सारिका आधी हसली, मग गंभीर झाली, मग तिचा चेहरा कडक झाला.

"पडताळणीला पोरगी बोलायची न्हाई, तुमचं नाव जाईल, म्हणून आता असं काढलंय व्हय?"

"पडताळणीला मी स्वतः सांगणार आहे, की चूक माझी आहे. तिला तिच्या खुणांनी पारखा म्हणून भांडणार आहे. ते ऐकतील की नाही, माहीत नाही. पण तुला आधी कळायला हवं होतं."

"रोज सांच्याला माझ्यासंगं बोलतीया ती. आई, आज लई उन्हात काम क्येलंस. आई, पाय चेपू काय. ह्ये मी माझ्याच मनानं बोलतीया?"

बाईंनी मान खाली घातली.

"आन् त्या टायमाला मला 'नको' कोण म्हणलं वो बाई?" सारिकाचा आवाज एकदम लहान झाला. "मी तिला इचारून आपरेशन क्येलं. 'नको' कोण म्हणलं?"

ओट्यावर दुधाचं पातेलं होतं, त्यावर माशी बसत होती, उठत होती.

सारिका झटक्यानं उठली. खुंटीवरची कंठी काढून तिनं तेजलच्या गळ्यात घातली, नेहमीसारखी तिच्या मागं बसली आणि पाठीवर हात ठेवला.

"तुमी नगा सांगू. मी हिलाच इचारते," ती म्हणाली. "तेजू, माझ्या बाळा, खरं सांग. बाई म्हणत्यात ते खरं हाय काय?"

तेजल बेदाणे मांडत होती. सारिकाच्या हाताकडं बाई बघत राहिल्या. तो अजिबात हलल्यासारखा दिसला नाही.

"व्हय आई," कंठी म्हणाली. "बाई खरं बोलत्यात."

सारिकानं मान वर करून बाईंकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, लेक तिची बाजू घेईल. मग हळूहळू तिला उमजत गेलं. हे तेजल बोलली असती तर बाई खोट्या ठरत होत्या, आणि बाई खऱ्या असतील तर हे तेजल बोललीच नव्हती. तिनं आपल्या हाताकडं पाहिलं. दहा किलोच्या ढिगातली काडी न बघता हुडकणारी बोटं. हे सारिका मनातून कधीपासून ओळखून होती, ते तिच्या बोटांनी तिच्या देखत सांगून टाकलं होतं.

"म्हंजी मला ठावं हुतं," ती म्हणाली.

तिनं हात काढला. मग दोन्ही हातांनी कंठी सोडवली आणि बाजूला ठेवली. तेजलच्या मानेवर पट्ट्याचा पांढरट वळ पडला होता. सारिका गुडघ्यांवर सरकत लेकीच्या समोर आली आणि तिच्या तोंडाकडं, परक्याच्या लेकराकडं बघावं तशी, बघत राहिली. रडली नाही. बाईंना वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

तेजलनं हातातला बेदाणा खाली ठेवला. उजव्या हाताची मूठ वळून तिनं बोटांची पेरं फरशीवर तीनदा आपटली. थांबली. आईच्या हनुवटीकडं बघितलं, आणि पुन्हा तीनदा आपटली.

"ह्ये काय म्हणतीया वो?" सारिकानं घाईनं विचारलं. "बाई, तुमास्नी हिच्या समद्या खुणा येत हुत्या न्हवं? काय मागतीया ती?"

एकेचाळीस खुणांत ही नव्हती. मधल्या दोन वर्षांत ती तेजलनं कधीतरी, एकटीनंच, तयार केली होती.

"मला नाही कळत, सारिका," बाई म्हणाल्या.

तेजलनं आणखी एकदा वाजवून बघितलं, थोडा वेळ थांबली, आणि मग वाजवणं सोडून ती पुन्हा बेदाणे मांडू लागली.